डॅग्नीची काडतुसं

डॅग्नीचा नवरा हॅल्वर मार्चमध्ये गेला, होडीवर दोर ओढता ओढता, आणि तेव्हापासून ती एकदाही रडली नव्हती. आमच्या गावाला हे फार लागलं. गाव म्हणजे एक जेट्टी, एक मासळीचा कारखाना, एक चर्च आणि प्रत्येकाच्या घरात बाकी सगळ्यांची खुपसलेली नाकं. बायकांनी नूडल्स आणि ट्यूनाची इतकी भांडी तिच्याकडे पोचवली की फ्रीजरचं झाकण बसेना. भांडं हातात देताना आता तरी हिचा बांध फुटेल, अशी प्रत्येकीला आशा. डॅग्नी आभार मानायची आणि भांडं कुणाचं ते चिकटपट्टीवर लिहून ठेवायची, परत करताना घोळ नको म्हणून.

खरं तर तिला काहीच होत नव्हतं. दंतवैद्याकडून आल्यावर गाल कसा आपलाच असून आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. कॉफी उकळायची, प्यायची, कप धुवायचा. कारखान्यात जन्मभर सॅमनची डोकी छाटलेली बाई, हाताला काम हवं म्हणून हॅल्वरची जाळी दुरुस्त करत बसायची. ती जाळी आता कोण टाकणार होतं, हे तिलाही माहीत नव्हतं.

ऑक्टोबर सरता सरता तिची मुलगी घरी आली, मारित तिचं नाव, आणि दारातूनच म्हणाली, "आई, यंदा बेटावर आपण दोघी जाऊ. हरीण मी मारते. तू नेहमीसारखी उभी राहा."

हे उभं राहणं आमच्याकडे सगळ्यांना कळतं. पलीकडच्या बेटावर हरणं भरपूर, आणि त्यांच्याहून शहाणी तपकिरी अस्वलं. गोळीचा बार ऐकला की जेवणाची घंटा वाजल्यासारखी ती निघतात. म्हणून एकानं खाली बसून हरीण साफ करायचं आणि दुसऱ्यानं त्याच्या पाठीला पाठ लावून मोठी रायफल घेऊन झाडीकडं बघायचं. उभ्या माणसानं मागं वळायचं नाही, काहीही झालं तरी. तीस वर्षं हॅल्वर बसायचा आणि डॅग्नी उभी राहायची. तिच्या हातात पंचेचाळीस-सत्तर मापाची रायफल असायची, चापाखालची कडी पुढं ढकलून मागं ओढली की नवं काडतूस चढवणारी. रायफल तिची होती, पण काडतुसं आणायचा हॅल्वर.

"ठीक आहे," डॅग्नी म्हणाली. नाही म्हणायलाही काही वाटावं लागतं.

डब्यात दोनच काडतुसं उरली होती. डॅग्नी क्लेमच्या दुकानात गेली. क्लेम हॅल्वरचा शाळेतला सोबती. त्याच्याकडे गळापासून गमबुटापर्यंत सगळं मिळतं, आणि न मागता सल्लाही.

"पंचेचाळीस-सत्तर दे," ती म्हणाली.

"कुठली?"

"रायफलची."

"अगं बाई, रायफलचीच देणार, पावाला लावायची थोडीच देतोय!" क्लेमनं दोन डबे काउंटरवर ठेवले. "हे बघ. गोळ्या सगळ्या चपट्या नाकाच्या. रायफलीच्या नळीत एकीचं नाक दुसरीच्या बुडाला टेकतं, टोकदार असली तर धक्क्यानं आतच उडेल. पण फरक आतला आहे. ही हलकी, मऊ, हरणाची. लागली की फुलते. आणि ही जड, कडक शिशाची, बारूदही दाबून भरलेली. अस्वलाचं खांद्याचं हाड फोडून आत जाते. पण खांदा तुझाही फोडेल."

"हॅल्वर कुठली न्यायचा?"

क्लेमनं नको इतका वेळ डब्याची धूळ पुसली. "त्याच्यासाठी की तुझ्यासाठी?"

"उभी मी राहायचे, क्लेम."

"मऊ," तो म्हणाला. "पहिल्या वर्षापासून. कडक वापरून बघितली होती ना तुम्ही, खडीच्या खाणीत? तू बार व्हायच्या आधीच डोळे मिटायचीस. हॅल्वर म्हणाला, तिला सांगू नकोस, तिला कमीपणा वाटेल. मी म्हटलं, लेका, मऊ गोळीनं अस्वल नुसतं चिडेल. तर म्हणाला, मिटल्या डोळ्यांच्या कडक गोळीपेक्षा बरं."

डॅग्नीला ती खाण आठवली. पहिल्या दिवशी खांदा काळानिळा झाला होता, आणि पुढच्या खेपेला झालाच नव्हता. आपल्याला सवय झाली, असं तिला वाटलं होतं. चर्चच्या तळघरात कॉफी ओतताना तिनं कितीदा तरी सांगितलं होतं, "पंचेचाळीस-सत्तरचं काही नाही गं, सवयीचा भाग आहे." आणि हॅल्वर शेजारी बसून निमूट केक खायचा.

म्हणजे तीस वर्षं तो हरणाच्या गोळीच्या भरवशावर पाठ उघडी टाकून बसला होता. आपल्याला राग यायला हवा, हे तिला कळत होतं. तिनं वाट पाहिली. राग आला नाही.

"यंदा मऊ नेऊ नकोस," क्लेम म्हणाला. "मासळी नदीत वर चढलीच नाही, अस्वलं रोडावलीत. आमच्या मेव्हण्याचं हरीण समोरून ओढून नेलं. खाली कोण बसणार आहे?"

"मारित."

"मग दोन्ही डबे ने आणि आधी खाणीत जा. नाही जमलं, तर घरी बस. मी जाईन तिच्याबरोबर."

घरी बसणं म्हणजे काय, ते तिला चांगलं माहीत होतं. मार्चपासून ती तेच करत होती.

खाणीत मारितनं प्लायवुडवर कागदी ताटली ठोकली. मऊ गोळ्या डॅग्नीनं पटापट झाडल्या. त्या तिच्या ओळखीच्याच होत्या. मग तिनं कडक भरल्या. मारित ताटलीकडं न बघता आईच्या तोंडाकडंच बघत उभी राहिली.

बार झाला. दस्ता खांद्यात रुतला, टोपी मागं सरकली. डॅग्नीनं कडी ओढली आणि पुन्हा झाडली, मग पुन्हा.

"आई गं!" मारित ओरडली. "पापणी लवली नाही तुझी! बाबा उगीचच..." आणि जीभ चावून थांबली. म्हणजे हिलाही माहीत होतं. सगळ्या गावालाच माहीत असणार.

ताटलीचा मधला भाग उडून गेला होता. डॅग्नी त्या भोकाकडं बघत राहिली. पापणी का लवली नाही, ते तिला कळलं होतं. पूर्वी बार व्हायच्या आधी पोटात भीती उठायची आणि डोळे मिटायचे. आता पोटात कुणी नव्हतंच उठायला. हे मारितला सांगण्यासारखं नव्हतं. तिनं कडक गोळ्यांचा डबा पिशवीत टाकला.

शनिवारी उजाडल्यावर त्या लहान बोटीनं बेटावर उतरल्या. थंडी होती, पण पाऊस नव्हता. ऑल्डरच्या झाडांची पानं झडून गेली होती. दलदलीच्या कडेला मारितनं बापाच्या हलक्या रायफलीनं एक नर पाडला, एका गोळीत. मग ती बाह्या सारून खाली बसली आणि डॅग्नी तिच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली.

मागं सुरीचा आवाज सुरू झाला. डॅग्नी झाडीवर नजर फिरवत होती, डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. हात स्थिर होते. मग मागून नाक ओढल्याचा आवाज आला.

"थंडी वाजतेय का गं?"

"नाही." पुन्हा नाक ओढलं. "बाबा हे इतकं भरभर कसं करायचा? माझ्या हातून सुरी निसटतेय नुसती. मला येतच नाहीये हे, आई."

मारित रडत होती. मोठी, लग्न झालेली, एरवी कुणाला न ऐकणारी मारित, लहानपणी रडायची तशीच, हुंदका गिळत. डॅग्नीची मान वळायला निघाली होती, तिनं ती आवरली.

आणि ऑल्डरच्या फांद्या बाजूला झाल्या. अस्वल बाहेर आलं, थांबलं आणि मागच्या पायांवर उभं राहून हवा हुंगू लागलं. कातडी अंगावर ढिली लोंबत होती. क्लेम खोटं बोलला नव्हता.

डॅग्नीनं रायफल खांद्याला लावली. नेम धरला आणि पोटात भीती उठली. मागं मारितची उघडी पाठ होती, वाकलेली, रडणारी. दस्त्यावरून गाल आपोआप दूर झाला. पापण्या फडफडायला लागल्या. बोट अजून चापाला लागलंही नव्हतं.

"मारित, ऊठ. हरीण सोड."

"अगं अर्धं झालंय!"

"समोर अस्वल आहे आणि माझे डोळे मिटतायत. सोड म्हणते ना!"

मारितनं मुकाट्यानं हलकी रायफल उचलली आणि आईच्या जाकिटाला मागून घट्ट धरलं. दोघी एक एक पाऊल मागं सरकत किनाऱ्यापर्यंत आल्या. अस्वल पुन्हा चार पायांवर आलं, हरणापाशी गेलं आणि मग त्यांच्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. हॅल्वरनं जन्मात कधी हरीण सोडलं नव्हतं.

बोट किनाऱ्यापासून लांब गेली तेव्हा डॅग्नी रडायला लागली. मोठ्यानं, तोंड वासून, नाकातून पाणी गळेपर्यंत. मारितनं इंजिन बंद केलं. बोट लाटांवर नुसती डुलत राहिली.

"तुला काही लागलं का?"

"भीती वाटली गं," डॅग्नी म्हणाली. "मला वाटलं होतं, आता कधी वाटायचीच नाही."

बऱ्याच वेळानं तिनं कडी ओढून ओढून रायफल रिकामी केली. बोटीत पडलेली कडक काडतुसं एक एक गोळा करून मारितच्या रक्तानं चिकट झालेल्या तळहातावर ठेवली.

"ही तुझी. पुढच्या शनिवारी तू उभी राहा. खाली मी बसते."

"तू? तू कधी हरीण साफ केलंयस? बाबा करायचा तेव्हा तू एकदासुद्धा मागं वळून बघितलं नाहीस."

"बघितलं नाही," डॅग्नी म्हणाली. "पण त्याचा हात कुठं थांबायचा, कुठं चालायचा, ते सगळं ऐकलंय मी."