दोन खिळ्यांची फळी

'इन्व्हेंट' हे क्रियापद मी सोलापूरच्या एकाच शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं. जे आधी नव्हतं ते पहिल्यांदा तयार करणं म्हणजे इन्व्हेंट, आता याची पाच वाक्यं करा, असं मुलांना सांगायचो. त्यातल्या एका वाक्यावर मी लाल फुली मारली होती. ते वाक्य बरोबर होतं. हे लिहायला मला सत्त्याहत्तर वर्षांचं व्हावं लागलं.

आमच्या शाळेचे शिपाई आधी चादरीच्या कारखान्यात होते. चादरीवर मोर किंवा वेल उमटायची तर मागाला भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं लागतात. भोक असेल तिथला धागा उचलला जातो. ही भोकं पाडायचं काम त्यांचं. कारखाना बंद पडल्यावर ते शाळेत आले. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. सगळी शाळा त्यांना मामा म्हणायची, मीही.

माझ्या वर्गातली मुलं इंग्रजी वाक्यात क्रियापद हमखास शेवटी टाकायची, मराठीत टाकतो तसं. मी ओरडायचो. मामा तासाची घंटा द्यायची वेळ होईपर्यंत दाराशी उभे असायचे, त्यांना ते ऐकू यायचं. एके दिवशी ते एक फळी घेऊन आले. फळीवर कागद, कागदावर ओळीनं इंग्रजी शब्द, आणि वरच्या कडेला दोन खिळे. खिळ्यांत त्यांनी एक पुठ्ठा अडकवला. पुठ्ठ्याच्या भोकांतून जेवढे शब्द दिसले, ते डावीकडून वाचले की पक्कं वाक्य.

"पोरं शब्द कुटंबी ठेवालेत सर. हे लावून बघा की."

"मामा, तुम्हाला इंग्रजी कुठं येतं?"

"मला कुटं येतंय! तुमी फळ्यावर लिवलेलं बघून उतरवलं. मोर तरी मला कुटं येतोय? कार्डाला येतोय."

पुठ्ठा बदलला की वाक्य बदलायचं. महिन्याभरात मुलं स्वतःच पुठ्ठे कापून नवी वाक्यं करू लागली. एवढं ओरडून मला जे जमलं नव्हतं, ते त्या फळीनं केलं.

मग शिक्षकांनी तयार केलेल्या साहित्याचं प्रदर्शन निघालं. मी मामांना सांगितलं, फॉर्मवर शिक्षकाचंच नाव चालतं.

"मग तुमचं लिवा की. फळी जाऊ दे म्हंजे झालं," ते म्हणाले.

इथवरचं मी स्वतःला माफ करू शकलो असतो. पण प्रदर्शनात परीक्षक फळीजवळ थांबले. पुठ्ठा जरासुद्धा हलत नाही हे बघून त्यांनी विचारलं, "खिळ्यांची कल्पना कशी सुचली?" मामा माझ्या मागेच उभे होते. सायकलच्या कॅरिअरला बांधून फळी त्यांनीच आणली होती. खिळे तिथंच का, हे मला माहीतही नव्हतं.

"सहज सुचलं," मी म्हणालो.

मामा फडक्यानं फळी पुसत राहिले. पहिला नंबर आला. माझा फोटो शाळेच्या ऑफिसात लागला.

पुढच्याच आठवड्यात वर्गात इन्व्हेंट आलं. शाळेत फळीचीच चर्चा, त्यामुळे बहुतेकांनी लिहिलं, सर इन्व्हेंटेड द बोर्ड. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं लिहिलं, मामा इन्व्हेंटेड द बोर्ड. मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी फुली मारली, खाली 'सर' घालून वाक्य लिहिलं आणि दहा वेळा लिहून आणायला सांगितलं.

वह्यांचा गठ्ठा वर्गात न्यायला मामा आले. वरचीच वही उघडी होती. शब्द उतरवता उतरवता त्यांना अक्षरं ओळखू येऊ लागली होती. त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं.

"सर, हे मामाच न्हवं? मग फुली कशापायी?"

"वाक्य चुकलंय तिचं."

"आसं व्हय," म्हणून त्यांनी गठ्ठा सारखा केला आणि गेले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते मला रोज पाणी आणून देत होते. विषय पुन्हा निघाला नाही.

गेल्या महिन्यात त्या मुलीचा फोन आला. ती आता स्वतः शिक्षिका आहे. तिच्या शाळेत प्रत्येक वर्गासाठी तशी फळी केली होती.

"भिंतीवर पाटी लावायचीय, सर. ही कोणी तयार केली त्याची. नाव काय घालू?"

आवाज शांत होता. पण तिनं हे मलाच का विचारलं, ते मला कळलं.

"तुझ्या वहीत होतं तेच," मी म्हणालो.

ती म्हणाली, "वही आहे माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी मी मामांकडे गेलो. ते दारापुढं खुर्ची टाकून बसले होते, अगदी वाळलेले.

"उन्हाचं कशाला आलाव सर? फोन करायचा की."

बसल्या बसल्या सांगून टाकलं. सहज सुचलं म्हणालो ते खोटं होतं. आणि त्या मुलीचं वाक्य बरोबर होतं.

"ठावं हाय की," मामा म्हणाले. "फळीचं काय न्हाय वाटलं. खरं लिवलेल्या पोरीला फुली मारलाव, ते लई लागलं." मग एकदम हसले. "सहज सुचलं म्हनं! तितं कारखान्यात कार्ड खिळ्याला बसवून बसवून बोटं फुटली माजी, तवा कळलं खिळा कुटं पायजे."

मी माफी मागितली. मग पाटीचं सांगितलं.

पाटीसाठी पूर्ण नाव हवं होतं. इतक्या वर्षांत ते मला माहीत नव्हतं, हेही मला तेव्हाच कळलं. त्यांनी नाव, वडिलांचं नाव, आडनाव सावकाश सांगितलं आणि माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "पेपरात-बिपरात नको. शाळेत ऱ्हाऊ दे," म्हणाले. म्हणून ते इथं लिहीत नाही. पाटीवर आहे.

पाटी लागली त्या दिवशी मी मामांना रिक्षानं त्या मुलीच्या शाळेत घेऊन गेलो. तिनं जुनी वही माझ्यापुढं ठेवली. फुली पुसता येत नव्हती. मी शेजारी बरोबरची खूण केली आणि खाली त्या दिवसाची तारीख घालून सही केली.

मामांचं आमच्याकडं लक्ष नव्हतं. ते नव्या फळीवरून बोट फिरवत होते.

"बाई," त्यांनी तिला हाक मारली, "डावा खिळा वाकडा हाय. हातोडी आना."