तिकडेच सुखी ठेव

आम्ही निघालो तो १९९८ चा मे महिना. ओटीवर चार बॅगा होत्या आणि प्रत्येक बॅगेच्या झाकणाला आतून मी तिच्यातल्या सामानाची यादी चिकटवली होती. विलास, माझा नवरा, बॅगांभोवती उगाच फिरत होता. पाच वर्षांची केतकी नव्या बुटांत उड्या मारत होती. एसटी फाट्यावर यायला वेळ होता, पण माझे सासरे नाना काही केल्या आम्हाला ओटीवरून हलू देईनात. "आधी गाऱ्हानं," म्हणाले. "मग जा कुटं जायचं तिकडं."

गाऱ्हाणं म्हणजे काय हे आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. सणाला, कार्याला, कुणी लांब निघालं की घरातला कर्ता पुरुष देवापुढे नारळ ठेवतो आणि देवाशी मोठ्यांदा बोलतो. एक मागणं मागून तो थांबतो, की जमलेल्या सगळ्यांनी "होय महाराजा!" म्हणायचं. मागणं काय आहे याकडे निम्म्या लोकांचं लक्ष नसतं. तो थांबला की म्हणायचं, एवढीच लहानपणापासूनची सवय.

नाना त्या दिवशी फार बोलले नाहीत. "ही लेकरं पोटापाण्याला लांब चाललीयत, महाराजा. जशी नेतोयस तशी परत आन, महाराजा!" आम्ही सगळ्यांनी होय म्हटलं. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमची खोली तुमचीच हाय. कुलूप लावून जा. चावी घेऊन जा." मी कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि चावी पर्समध्ये टाकली.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला उतरलो तेव्हा तिथे थंडी सुरू होत होती. मला आजही राग येतो तो त्या थंडीचा नाही. विलास आमच्या खेडजवळच्या लोट्याच्या रसायनांच्या कारखान्यात नऊ वर्षं केमिस्ट होता. रात्रपाळी, दिवसपाळी, कंपनीच्या बसने खेड-लोटे, लोटे-खेड. त्याच्या शिक्षणाचे आणि अनुभवाचे गुण मोजूनच त्या देशाने आम्हाला आत घेतलं होतं. आत घेतल्यावर सांगितलं, इथला अनुभव नाही. इथला अनुभव इथे काम दिल्याशिवाय कुठून येणार, हे त्याने विचारलं नाही. विलास विचारत नाहीच कधी काही. तो दुधाच्या कारखान्यात बाटल्यांच्या पट्ट्यावर उभा राहिला आणि उभाच राहिला. मी खेडला शाळेच्या ऑफिसात होते. तिथे एका मोठ्या दुकानाच्या गोदामात लागले. माल आला, माल गेला, काय संपलं, काय मागवायचं. हे काम मला येत होतं. दोन वर्षांत मी त्या गोदामाची सुपरवायझर झाले. तेव्हा तिथल्या आपल्याच एका बाईंनी माझं अभिनंदन असं केलं: "वा! म्हणजे आता विलासरावांनी घरी बसलं तरी चालेल."

आपलेच लोक. दर महिन्याला कुणाच्या तरी घरी पोह्याच्या प्लेटा घेऊन जमायचे आणि परत गेलेल्यांची नावं अशी घ्यायचे, जशी आमच्या वाडीत नापास झालेल्यांची घेत. "त्यांना झेपलं नाही हो." आम्ही परत जायचा विचार करतोय असं एकदा विलासच्या तोंडून निघून गेलं. पुढचे सहा महिने प्रत्येक जण मला बाजूला घेऊन विचारायचा, सगळं ठीक आहे ना?

आणि इकडे घरी? दर रविवारी फोन. आधी नाना. नाना २००३ मध्ये गेले, विलासला वेळेवर पोचता आलं नाही. मग धाकटे दीर रमेशभाऊजी आणि जाऊ सुनंदा. फोनवर एकच वाक्य. "या आता. बस झालं. एवढं घर, एवढी आंब्याची कलमं, आम्ही किती पुरणार?" सुनंदा मागून ओरडायची, "ताईंना म्हनावं, तुमची खोली वाट बगत्येय!" फोन ठेवला की विलास खिडकीशी जाऊन उभा राहायचा. त्याचं ते पाठमोरं उभं राहणं मी नऊ वर्षं पाहिलं. शेवटी २००७ साली मी म्हटलं, पुरे. या गणपतीला तिघं जाऊ, तिथे राहू, आणि परत येताना निर्णय घेऊन येऊ. केतकीची शाळा, विलासला लोट्यात पुन्हा काम मिळेल का, मला काय करता येईल, ऑकलंडच्या घराचं कर्ज, सगळ्याच्या याद्या मी केल्या होत्या. दोन्ही बाजू सारख्या भरत होत्या. म्हटलं, घर काय म्हणतं ते तिथे जाऊन पाहू.

घराने पहिल्याच दिवशी सांगितलं. माझ्या खोलीला कुलूप नव्हतं. आत आंब्याची रिकामी खोकी छतापर्यंत रचलेली, कोपऱ्यात फवारणीचा पंप, खिडकीत औषधांचे डबे. आणि खोक्यांच्या पुढे, नव्याकोऱ्या, सीलबंद पाण्याच्या बाटल्यांची रास.

"ह्या कुणासाठी?" मी विचारलं.

"तुमच्यासाठी!" सुनंदा खुशीत म्हणाली. "खेडातनं रिक्षा करून आनल्या. केतकीला हिरीचं पानी बाधलं तर?"

"मी त्याच विहिरीचं पाणी प्यायले ना गं दहा वर्षं?"

"तेव्हा तुमी हितल्या होतात, ताई."

ती हसत म्हणाली. वाईट हेतूने नाही. म्हणूनच मला जास्त लागलं. पर्समधली चावी मी पर्समध्येच ठेवली. चार दिवस आम्हाला काचेच्या ग्लासात पाणी मिळालं, बाकीच्यांना तांब्यांत. मी भांडी घासायला बसले तर वाडीतल्या दोन बायका धावत आल्या, जणू मी विहिरीत उडी मारत होते. केतकीला मजा वाटली. विलासला बरं वाटलं. मला हात कुठे ठेवावेत कळेना.

गणपतीच्या दिवशी पूजा झाली आणि गाऱ्हाण्याची वेळ आली. ओटीवर, अंगणात सगळी वाडी. थोरला मुलगा घरात असताना गाऱ्हाणं त्याने घालायचं. रमेशभाऊजींनी नारळ रीतीप्रमाणे विलासपुढे धरला. "दादा, तू घाल."

"नको रे," विलास म्हणाला. "सवय गेली. तूच घाल."

भाऊजींनी आग्रह केला नाही. नारळ ठेवला, हात जोडले आणि नानांसारखाच आवाज लावला. वाडीसाठी मागितलं, गुरांसाठी मागितलं, कलमांचा मोहोर टिकू दे म्हणून मागितलं. मुंबईला गेलेल्यांच्या पाठीशी उभा राहा म्हणाले. दर थांब्याला अंगण गरजत होतं, होय महाराजा. मग ते म्हणाले,

"आनि जी सातासमुद्रापार गेलीयत, त्यांना तिकडंच सुकानं ऱ्हाऊंदे, महाराजा!"

"होय महाराजा!"

वाडीने म्हटलं. सुनंदाने म्हटलं. केतकीने तिच्या त्या इंग्रजी वळणाच्या उच्चारात सगळ्यांत मोठ्याने म्हटलं, तिला फार आवडलं होतं ते. आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याने, ज्याच्या पाठीकडे मी नऊ वर्षं बघत होते, त्यानेही डोळे मिटून म्हटलं. होय महाराजा.

मीही "हो" पर्यंत आले होते. मग कळलं की हे आमच्याबद्दल चाललं आहे.

आम्ही तिथे उभे होतो. हाताच्या अंतरावर. आणि लांबच्यांत आमची गणना होऊन, आमच्या समोर, आमच्याच तोंडून, आम्ही परत येऊ नये अशी मागणी देवाकडे पोचतीसुद्धा झाली होती. इतक्या वर्षांच्या याद्या, रात्रंदिवस डोकं फोडणं, आणि निकाल लागला तो असा.

"भाऊजी, थांबा," मी म्हणाले. "हे काय मागितलंत?"

ते गडबडले. "काय चुकलं का, वयनी?"

"नाना म्हणाले होते, परत आण. तुम्ही म्हणालात, तिकडंच ठेव."

"अवो, सुकानं ठेव म्हनलं! वाईट काय मागितलं मी? दरसाल हेच मागतो."

"दरसाल? मग दर रविवारी फोनवर या या कशाला म्हणता?"

विलास माझा कोपर धरून पुटपुटला, "अगं, सगळे बघतायत."

"बघू देत. तू कशाला होय म्हणालास?"

"तसं म्हणतात ना."

"तसं म्हणतात!"

तेवढ्यात सुनंदा स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली. पदर खोचलेला, हाताला मोदकाची उकड. "मी सांगते, ताई. या या म्हनतो, कारन माया हाय. पन आल्यावर? खोकी कुटं ठेवायची? फवारनीला तुमी जानार? नानांचं सगळं काडलं ते मी. तुमी फोनवर रडायचात, मी हितं रडत न्हवते, मला सवड न्हवती. आता तुमाला वाटतंय सगळी जागा तशीच ऱ्हायली पायजे."

तिचं खरं होतं. माझंही खरं होतं. दोन खरी माणसं एकमेकांसमोर उभी राहिली की तिसऱ्या कुणाला काही बोलता येत नाही.

मी आत गेले, फळीवरचा एक नारळ उचलला आणि गणपतीपुढे ठेवला. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. ते मला माहीत होतं, अंगणाला माहीत होतं, मागून एक म्हातारे "अगो, अगो" करायलाही लागले. मी हात जोडले. आवाज नानांसारखा लागला नाही, गोदामात ट्रकवाल्याला हाक मारताना लागतो तसा लागला.

"महाराजा, आमी कुठं ऱ्हायचं ते आमचं आमी ठरवू. तू त्यात पडू नको. आमच्या माघारी आमच्या नावानं कुणी काही मागितलं, तर ते तू ऐकू नको, महाराजा!"

मी थांबले. कुणी होय म्हणेना. विलास जमिनीकडे बघत होता. केतकी तोंड उघडून माझ्याकडे बघत होती. भाऊजींचे जोडलेले हात तसेच हवेत.

"होय महाराजा!" सुनंदा कडाडली. "आता आरती घ्या. मोदक गार होतायत."

आरती झाली. मोदक गारच झाले.

ऑकलंडला परतल्यावर मी काढलेल्या सगळ्या याद्या बाजूला ठेवल्या. लोक विचारतात, भारतात परत का आलात? मातीची ओढ वगैरे सांगावं अशी त्यांची अपेक्षा असते. मी खरं सांगते, मी रागाने आले. माझ्या वाटचं मागणं दुसऱ्याने परस्पर मागितलं, आणि माझ्या नवऱ्याने त्याला होय म्हटलं, म्हणून आले. विलासला मी एकच प्रश्न विचारला, "तुला इथेच, ऑकलंडला राहायचंय का? होय महाराजा नको. नीट बोल." त्याला बोलायला तीन आठवडे लागले. म्हणाला, "नाही." तो शब्द त्याच्या तोंडून मी नऊ वर्षांत पहिल्यांदा ऐकला.

२००८ च्या उन्हाळ्यात आलो. वाडीतल्या खोलीत गेलो नाही. रत्नागिरीत भाड्याने जागा घेतली, विलास पुन्हा लोट्याला लागला, शनिवारी घरी येतो. मी एका आंबा-प्रक्रियेच्या युनिटचं गोदाम बघते. केतकी वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही. तिच्या वाटचंही मीच मागितलं, असं तिचं म्हणणं आहे. खोक्यांची खोली खोक्यांचीच राहिली. चावी मी सुनंदाला दिली. तिने ती बघितली आणि म्हणाली, "हिचं कुलूप मीच फोडलं होतं," आणि भिंतीतल्या मोळ्याला अडकवून ठेवली.

यंदाच्या गणपतीला सगळे वाडीत जमलो. सुनंदाचा थोरला महेश जूनमध्ये मस्कतला नोकरीला गेलाय. भाऊजींनी नारळ विलासपुढे धरला, विलास पुन्हा "तूच घाल" म्हणाला. काही गोष्टी बदलत नाहीत. भाऊजी सुरू झाले. वाडी, गुरं, मोहोर, मुंबई. मग म्हणाले, "आनि जी सातासमुद्रापार गेलीयत, त्यांना..."

आणि थांबले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"परत आन म्हना की ओ!" आतून सुनंदाचा आवाज आला. चिरका, फुटलेला. "काय तोंडाकडं बगताय? परत आन म्हना!"

तिने तिच्या महेशला विचारलं होतं का, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला नाही. फक्त त्या दिवशी विचारला नाही. घर म्हणजे काय ते आता मला असं कळतं: जिथे लोक तुमच्या वतीने परस्पर मागतात, आणि जिथे त्यांना तोंडावर थांबवायचा हक्क तुम्हाला असतो. तो हक्क मला दुसरीकडे कुठे मिळाला नाही.

"परत आन, महाराजा," भाऊजी म्हणाले.

मी होय म्हटलं. अंगणात सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्याने, आणि मागणं नीट ऐकून.