कणकेतली मोडी

बाटल्यांच्या बुडाचे शिक्के वाचणारा म्हणून कुंभकोणमच्या आमच्या मराठी मंडळींत माझं थोडं नाव आहे. ते मीच पसरवलं. बँकेतून निवृत्त झाल्यावर काहीतरी वाचायला हवं होतं. त्यात मोडीच्या दहा दिवसांच्या वर्गालाही जाऊन आलो. तेव्हापासून मला भिंतीच्या भेगेतही मोडी दिसायला लागली.

दारासुरमला माझा मावसभाऊ राहतो, बारा वर्षांनी मोठा. अण्णा म्हणतो आम्ही. त्याच्याकडे एरंडेलाची एक जुनी चिनी मातीची बाटली, दगडासारखी जड. आमच्यातल्या इतर घरांपाशी तंजावरच्या दरबाराचं काही ना काही आहे, कुणाकडे सनद, कुणाकडे तलवारीची मूठ. अण्णाकडे नुसतं वाक्य, ‘आजा दरबारात होता.’ ते निघालं की लोक पानाला चुना लावायला घेतात.

बाटलीच्या बुडाशी खोलगट, झिजलेला लंबगोल शिक्का होता. नजरेनं लागेना, म्हणून वहिनीकडून कणकेचा गोळा घेतला, शिक्क्यावर दाबला, अलगद सोडवला. वर सलग रेघ, खाली वळणं.

“श्री... सरकार,” मी म्हणालो.

“पुन्हा वाच रे.” अण्णा जवळ सरकला.

पुन्हा वाचलं. दुसऱ्या खेपेला ‘राजे’ही दिसलं.

त्यानं एरंडेल दुसरीकडे काढलं, बाटली चिंचेनं घासली आणि रविवारच्या आमच्या मेळाव्यात ती दाखवायला नाव दिलं.

गोळा मी घरी आणून आरशापुढे ठेवला होता. शुक्रवारी दाढी करताना बघतो तर आरशात स्वच्छ इंग्रजी! स्कॉटलंडातल्या कुठल्याशा कुंभारखान्याचं नाव. ठसा उलटा उठतो, हे पोस्टातला शिपाईही सांगेल. आणि माझी शिरोरेघ म्हणजे लंबगोलाची कड.

शनिवारी भर दुपारी टाऊन बसनं दारासुरम गाठलं. गुडघे म्हणत होते, फोन करायचा होता. पण असलं फोनवर सांगवत नाही.

“आल्याची बिअर भरून यायची असल्या बाटल्यांतून, अण्णा. गोऱ्यांसाठी.”

त्यानं बाटली उलटी करून बूड पाहिलं. मग म्हणाला, “म्हणजे आजा दरबारात नव्हता?”

“ते बाटलीला कसं ठाऊक असणार?”

“परवा तर तुला ठाऊक होतं.”

नाव मागे घे म्हटलं, तर ऐकेना. “मी नाव मागे घेतलं की म्हणतील, बघा, सगळंच खोटं. वाचलंस तू. उभा राहून तूच सांग.”

“सेरी, सांगतो,” म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

रविवारी सांगितलं. कणीक, आरसा, सगळं. लोक हसून लोळले. पुढच्या रांगेतल्या एका मामींनी विचारलं, “गोळ्याची पोळी तरी केलीत का हो?” सगळे मलाच बघत होते. अण्णाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तोही पोटभर हसत होता.

जेवायला बसलो तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी त्याला सहज विचारलं, “तुमचा आजा दरबारात करायचा काय?”

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. अण्णानं हातातला घास पानात ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. मी कधीही न ऐकलेलं बरंच काही त्यात होतं. मी मान खाली घालून रसमभात कालवत राहिलो. खरं-खोटं करायचं त्राण आता माझ्यात उरलं नव्हतं.