नारळावर घेतलेली खानावळ

मालवणच्या जेटीकडे जाणाऱ्या वाटेवर माझी खानावळ आहे. बाकं आखूड, पंखा एक, आणि माशांचं तिखलं असं की एकदा एक पाहुणा पहिला घास घेऊन उठला, रडत रडत कमरेएवढ्या समुद्रात गेला आणि ओल्या कपड्यांनी परत येऊन म्हणाला, अजून एक वाटी. हे ज्यांना खोटं वाटतं त्यांनी येऊन खावं. समुद्र समोरच आहे.

जागा भाड्याने घेतली ती आमच्या वाडीच्या रीतीने. मालक म्हणजे शेजारचे म्हातारे बाबा. मी त्यांना म्हटलं, "बाबानू, कागद करूया." ते असे दचकले, जणू मी त्यांची किडनीच मागितली.

"कागद कित्याक? देव आसा मा."

मग देवळात नारळ ठेवला आणि मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या वाडीदेखत देवाला मोठ्याने सांगायचं, आणि वाडीने त्याला होकार द्यायचा. मानकरी म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ही बाय आज हयसर चूल पेटवता. जोपर्यंत तिची चूल पेटती आसा, तोपर्यंत ह्या घरातलो कोणय तिका ऊठ म्हणूचो नाय." त्यावर "व्हय म्हाराजा" असा आवाज झाला, की देवळामागच्या माडांवरचे कावळे उडाले ते थेट वेंगुर्ल्याला जाऊन बसले.

त्या नारळावर मी कित्येक वर्षं निर्धास्त रांधलं. मग बाबा वारले. पुढच्या चतुर्थीला त्यांचा मुलगा मुंबईहून आला, गणपती पोचवले, आणि दुसऱ्या सकाळी माझ्या दारात उभा.

"काकी, ही जागा माका होयी. स्कूटर भाड्यान देवचो धंदो चालू करतलंय. दिवाळीपर्यंत खाली कर."

"तुझ्या बापाशीन देवाक सांगल्यान हा."

"बाबांनी सांगल्यानी. मी नाय. कागद आसा तर दाखय."

कागद नव्हता. माझ्या हातात बांगडा होता आणि विळी पुढ्यात. बांगडा लगेच खाली ठेवला, विळीवरून उठायला मात्र मुद्दाम वेळ लावला. तो दोन पावलं मागे सरला आणि तिथूनच म्हणाला, "नायतर टाळा लावतलंय."

नवरा म्हणाला, "सोड गो, घराच्या पडवीत चालू करूया." आमच्या पडवीत दोन माणसं बसली की तिसऱ्याला माडावर चढून जेवावं लागेल. शिवाय पडवी आडवाटेला. तिथवर पाहुणा यायचा तर वाट चुकूनच. ही जागा गेली की खानावळ गेली, आणि घर चालतं ते खानावळीवर. मी म्हटलं, मी हलत नाय.

मालवणातले सगळे वकील माझ्याकडेच जेवतात. सल्ल्याच्या आधी त्यांनी सोलकढी मागितली असती. म्हणून एसटीने कणकवली गाठली. तिथल्या वकीलबाईंसमोर बसले. ऑफिसात गेलं की माझ्या भाषेला आपोआप इस्त्री होते.

"करारनामा?" त्यांनी विचारलं.

"नारळ."

त्यांचं पेन थांबलं. "नारळ कोर्टात दाखल कसा करू मी?"

"फोडून," मी म्हटलं.

हसल्या, पण मग कामाला लागल्या. भाडं कसं देता? बँकेतून. विजेचं बिल कोण भरतं? मी. खानावळीच्या परवान्यावर पत्ता कुठला? त्याच जागेचा. तो परवाना काढताना मी एवढ्या शिव्या घातल्या होत्या, की ऑफिसची भिंत अजून लाल आहे. आता त्याच परवान्याचा मुका घ्यावासा वाटला.

"कागद नाही म्हणजे हक्क नाही, असं नसतं," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्ही भाडेकरू आहात हे यातून दिसतं. त्याला जागा हवी तर रीतसर नोटीस द्यावी, कोर्टात जावं. मनाला आलं आणि टाळं ठोकलं, हे चालत नाही. पण चूल पेटते तोवर जागा तुमची, हे कोर्ट मान्य करील याची खात्री मी देणार नाही. मुदत पक्की हवी तर लेखी करार करा आणि नोंदवून घ्या." मग सहज विचारलं, "गाऱ्हाण्याला कोण कोण होतं?"

"सगळी वाडी."

"मुलगा?"

मी गप्प झाले. हा प्रसंग माझ्या नवऱ्याने लग्नापासून पाहिलेला नाही. मुलगा होता. सुट्टीवर आलेला, पहिल्या रांगेत, आणि "व्हय म्हाराजा"त सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच.

दिवाळी झाली आणि तो आला. हातातलं टाळं एवढं, की सिंधुदुर्ग किल्ल्यालाही सैल पडलं असतं. मी उंबरठ्यावर बसले. आत जेवणाऱ्यांचे घास थांबले.

"मेल्या, देवळात तू व्हय म्हटलंस काय नाय?"

"तेव्हा सगळेच म्हणतत, काकी."

"सगळे म्हणतत म्हणान तर आमची कामा चलतत. आणि टाळा लावलंस तर मी कोर्टात जातलंय. वकीलबाय कणकवलीची आसा. ती माझ्याकडे जेवक येणा नाय, म्हणजे माझी मिंधी नाय."

आतून एक खलाशी म्हणाला, "काकी, ह्येका आदी जेवक घाल. उपाशी माणसाक कायदो कळना नाय."

तो हसला नाही, पण बसला. माझ्याकडे बसलेला माणूस भांडत उठत नाही. अर्ध्या जेवणावर त्याने सांगितलं की मुंबईची नोकरी गेली आहे आणि त्याला गावातच राहायचं आहे. आता हे आधी सांगायला काय झालं होतं? पण पुरुषाला ही गोष्ट सांगण्यापेक्षा टाळं आणणं सोपं जातं.

ठरलं ते असं: आतली जागा माझी, पाच वर्षांच्या नोंदणी केलेल्या कराराने, भाडं थोडं वाढवून. पुढचं अंगण त्याच्या स्कूटरना. माझी बाहेरची बाकं गेली. वाऱ्याची जागा होती ती. वाईट वाटलं, पण सही केली.

नोंदणी झाल्यावर तोच म्हणाला, "आता नारळ ठेवूया." वकीलबाईही आल्या. देवळाबाहेर त्यांनी मानकऱ्यांना बजावलं, "चूल पेटती आहे तोपर्यंत, असं म्हणू नका. करार संपेपर्यंत, असं म्हणा."

मानकऱ्यांनी मान डोलावली. आत जाऊन नारळावर हात ठेवला आणि म्हणाले, "बा देवा म्हाराजा, जोपर्यंत हिची चूल पेटती आसा..."

वकीलबाई छताकडे बघत राहिल्या. सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणाला तो याही वेळी मुलगाच.