आवाज नीट करणारी फाईल

सोलापुरातल्या एका पतसंस्थेत नागनाथ सर्वगोड टेलिफोनवर बसायचा. जन्मापासून आंधळा. कुंभारीहून बसने यायचा. फोन करणाऱ्याने नाव सांगायच्या आत हा "बोला, सिद्धलिंगअण्णा" म्हणायचा, आणि चुकायचा नाही.

वय चव्वेचाळीस. सरकारी लिपिकाच्या परीक्षेची ही त्याची शेवटची खेप होती. पुढच्या वर्षी तो वयात बसणार नव्हता.

लॅपटॉपवर लिनक्स, ही विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली, त्याने स्वतः बसवलं होतं, कुठली कळ कधी दाबायची ते फोनवर ऐकत ऐकत. तीन दिवस लागले होते. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज त्यात आयताच येतो. आधी वापरलेला, चाचणीपुरता मिळालेला आवाज दर चाळीस मिनिटांनी बंद पडायचा. मग चार वर्षं बायको मीनाबाई पुस्तकं वाचायची आणि हा टाइप करायचा. इतिहास, सहकार, पंचायत राज. दोनशे बारा फायली झाल्या. दुधनीची शांतम्मा, त्याच्यासारखीच आंधळी, त्यातलं एकेक प्रकरण मागवून त्याच परीक्षेची तयारी करायची.

परीक्षेला नऊ दिवस उरले होते. एका अपडेटनंतर आवाज अडखळायला लागला, शब्द अर्ध्यात तुटायला लागले. लिनक्स पुन्हा बसवायची पाळी आलीच तर असावं, म्हणून होता तो एकुलता पेन ड्राइव्ह त्याने त्यासाठी तयार केला. फायलींची दुसरी प्रत त्याच पेन ड्राइव्हवर होती, ती पुसली गेली. लॅपटॉपवर आहेतच की, असं त्याला वाटलं.

लॅपटॉप तो ऑफिसात घेऊन आला आणि दुपारी डबा खाताना आवाज नीट कसा करायचा ते त्याने संगणक विभागातल्या शिवकुमारला विचारलं.

"एक फाईल पाठवतो, दादा. नुसती चालवा. आवाज खणखणीत होतो बघा."

आत काय लिहिलंय ते ऐकायचा नागनाथने प्रयत्न केला. तुटक आवाजात काही कळेना. माणूस ओळखीचा होता. त्याने फाईल चालवली.

टेबलाभोवती शिवकुमार, कॅशवरची सोनाली आणि आणखी दोघं उभे होते. कुणीतरी नाकातून हसलं. आपल्यासाठी सगळे थांबलेत, या विचाराने नागनाथही जरा हसला.

आवाज वाचायला लागला. "काढले, इतिहास एक. काढले, इतिहास दोन."

"जुनं काही काढतंय काय रे?"

"व्हय, कचरा काढतंय," शिवकुमार म्हणाला, आणि सोनालीला हसू आवरेना.

"काढले, सहकार सात."

नागनाथचा हात थांबला. मग तो थांबवायची कळ दाबत सुटला, दोन्ही हातांनी. पण पुसायचं काम पहिल्याच क्षणी उरकलं होतं. आवाज फक्त मागून यादी वाचत होता.

"अहो, गंमत केली! कॉपी असेल की तुमच्याकडं."

"न्हाय," नागनाथ म्हणाला.

तेव्हा कुठे हसणं थांबलं. सोनाली डबा उचलून गेली.

व्यवस्थापकांनी नागनाथ आणि शिवकुमार दोघांना बोलावलं. "फाईल चालवली कुणी?" त्यांनी विचारलं. नागनाथने, हे खरंच होतं. "मग सांभाळून वापरायचं," ते म्हणाले. दुकानदाराने लॅपटॉप दोन दिवस ठेवून घेतला आणि या डिस्कवरून पुसलेलं परत येत नाही, असं सांगून परत दिला.

"कुणी केलं वं हे?" मीनाबाईने विचारलं.

"माज्याच हातनं झालं."

तिने चार वर्षं वाचलं होतं. ती त्याला लई बोलली, शेजारी ऐकतील इतकं. त्याने नाव सांगितलं नाही. तिनं ऑफिसात जाऊन भांडण काढलं असतं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला तिथंच बसायचं होतं.

शांतम्माने फोनवर तिच्याकडची एकोणीस प्रकरणं परत पाठवली. तेवढ्यावर तो परीक्षेला बसला. सहा गुण कमी पडले.

नवा माणूस कामाला लागला की शिवकुमार हा किस्सा सांगतो, मशीनसारखा आवाज काढून. नागनाथ शेजारीच असतो. पहिल्यांदा तो गप्प बसला, तेव्हा "दादा लई मनाला लावून घेतात" असं झालं. आता तो हसतो आणि पुढचा फोन उचलतो.