केमला उतरणारा माणूस

सोलापूरच्या बाळीवेशीत राहणाऱ्या ईरप्पा म्हमाणेचं लग्न केम स्टेशनाजवळ झालं. तसं ते दौंडला व्हायचं होतं. मुलीचे वडील दौंडला रेल्वेत होते, मांडव तिथं पडला होता, बुंदी पाडून झाली होती. वऱ्हाड सकाळच्या गाडीनं सोलापूरहून निघालं. कुर्डुवाडी गेली आणि नवऱ्या मुलाच्या छातीत धाडधाड सुरू झालं. हातापायांना मुंग्या, घशाला कोरड, डोळ्यांपुढं पिवळं. "मी मरतोय," असं तो शांतपणे आईला म्हणाला, आणि केमला गाडी थांबताच बाशिंगासकट खाली उतरला. त्याच्या मागोमाग आई नागम्मा उतरली, तिच्या मागोमाग लग्न लावणारे जंगम स्वामी, आणि पाठोपाठ पन्नास माणसं. गाडी निघून गेली तसं नवऱ्या मुलाला एकदम बरं वाटायला लागलं. त्यानं हापशावर तोंड धुतलं आणि भूक लागली म्हणाला.

पुढच्या गाडीत त्याला दोनदा चढवलं, दोन्ही वेळा तो पलीकडच्या दारानं उतरला. शेवटी स्टेशनमास्तरांनी दौंडला तार केली, "नवरदेव सुखरूप, पुढे येत नाही, नवरी पाठवा." संध्याकाळी मुलीकडचे बुंदीच्या पाट्यांसह आले. गावातल्या महादेवाच्या देवळात लग्न लागलं. केम हे कुंकू बनवणारं गाव, तिथं कुंकवाला तर तोटा नव्हताच.

नवरीचं नाव जगदेवी. पहिल्या दिवशीच तिनं कानडीतलं 'अहो' लावून विचारलं, "रीऽ, तुमाला नेमकं होतंय तरी काय?"

"काय न्हाय. मरतोय असं वाटतंय."

"आन मग?"

"मग मरत न्हाय."

या दुखण्याला तेव्हा कुणाकडं नाव नव्हतं. डॉक्टर गॅस म्हणाले, वैद्य पित्त म्हणाले, नागम्मानं मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. गंमत म्हणजे दक्षिणेच्या बाजूला ईरप्पाला काहीच होत नसे. गुलबर्ग्याच्या जत्रेला तो दरवर्षी डब्याच्या दारात उभा राहून, वारा खात जायचा. पुण्या-मुंबईच्या बाजूला मात्र केम म्हणजे त्याच्या जगाची शीव. तेरा वर्षांत तो सहा वेळा मुंबईला निघाला आणि सहाही वेळा केमला चहा पिऊन परत आला. स्टेशनाबाहेरच्या चहावाल्यानं "पाव्हणं आलं" म्हणून त्याच्यासाठी कप विसळायला घ्यावा, इतपत ओळख झाली होती.

एरवी हा माणूस हुशार होता. चाटी गल्लीतल्या एका चादरींच्या दुकानात तो कामाला होता, आणि चादर झटकून दाखवणं ही त्याची कला होती. घडी घातलेली चादर दोन बोटांत धरायची, मनगटाला एक झटका द्यायचा, की ती हवेत उलगडून गिऱ्हाईकापुढं अशी बसायची की एक सुरकुती नाही आणि नक्षीतला मोर बरोबर गिऱ्हाईकाकडं तोंड करून. हे दुसऱ्या कुणाला जमत नसे. मालक सातलिंगप्पांना तर मुळीच नाही.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली पूर्व जर्मनीहून एक खरेदीदार साहेब सोलापुरात आला. ईरप्पानं त्याच्यापुढं चादर झटकली. साहेबानं टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा झटकायला लावली. असं अकरा वेळा झालं. तीन महिन्यांनी पत्र आलं. लाइपझिगच्या जत्रेत तुमच्या मालाला जागा देतो. चादरी पाठवा आणि चादर फेकणारा माणूस बरोबर आणा.

सातलिंगप्पा पत्र घेऊन थेट बाळीवेशीत आले. "ईरप्पा, जर्मनीला जायचंय."

ईरप्पानं शांतपणे विचारलं, "वाटेत केम लागतंय का?"

"मुंबईला जायचं म्हटल्यावर लागणारच की!"

"मग जमत न्हाय मालक."

मालकांनी समजावलं, दरडावलं, रडूनसुद्धा दाखवलं. शेवटी तांदूळ निवडत बसलेली जगदेवी मान वर न करता म्हणाली, "केम लागत न्हाय त्या वाटेनं न्या की."

"अशी वाट कुटं हाय, बाई?"

"हैदराबादेस्नं इमान जातंय न्हवं मुंबईला?"

मालकांनी बोटानं हवेत ती वाट काढून बघितली. पश्चिमेला जायला आधी पूर्वेला जायचं. पण दुसरा इलाजच नव्हता.

मग गल्लीनं ईरप्पाची तयारी करून घ्यायचं मनावर घेतलं. विमान कसं असतं ते कुणीच पाहिलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनाच माहीत होतं. अंगणात लग्नाच्या खुर्च्या दोन-दोन करून मांडल्या. ईरप्पाला कमरेला धोतरानं खुर्चीशी बांधलं. शेजारची सुंदरम्मा पेपरमिंट वाटत फिरली. मागं चौघांनी मिळून पत्रा हलवला. विमान उडाल्यावर पाच मिनिटांत ईरप्पा खुर्चीसकट उठला आणि खुर्चीसकटच तुळजापूर वेशीपर्यंत गेला. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसला. हे त्याचं मला फार मोठं वाटतं. भीती वाटायची म्हणून तो कधी घरात बसून राहिला नाही. तो निघायचा, आणि मग उतरायचा.

पुढच्या मार्चमध्ये ईरप्पा आणि मालक निघाले. जगदेवीनं बरोबर कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि विभूतीची गोटी दिली. हैदराबादपर्यंत काही झालं नाही. विमानात ईरप्पा खिडकीशी बसला आणि अर्ध्या तासानं छातीत ओळखीची धाडधाड सुरू झाली. त्यानं हवाईसुंदरीला हात केला.

"बाई, केम गया क्या?"

तिला वाटलं, पोटदुखीचं काही असेल. तिनं पाणी दिलं. ईरप्पाचा चेहरा राखेसारखा झालेला. "केम, केम! कुर्डुवाडी के आगे!" सातलिंगप्पांनी शरमेनं वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं. बाई बिचारी भली. वैमानिकाला विचारून परत आली आणि म्हणाली, "कॅप्टनसाब बोले, केम अभी अभी गया."

"गया? रुका नहीं?"

"नहीं रुका."

ईरप्पानं खिडकीला नाक लावलं. त्याला वाटलं होतं की केमच्या पुढं काहीतरी असेल: भिंत, खड्डा, मरण, असं काही. खाली तर नुसते ढग होते. छाती धाडधाडत होती, पण उतरायला दारच नव्हतं. मग धाडधाडून धाडधाडून ती दमली आणि त्याला झोप लागली.

यावरून तो बरा झाला असं मालकांना वाटलं. ती त्यांची चूक. मुंबईहून निघालेलं मोठं विमान वाटेत दोन ठिकाणी थांबलं. दोन्ही ठिकाणी ईरप्पा पिशवी घेऊन उठला. "मालक, मी हितंच थांबतो. येताना घिऊन जावा." दुसऱ्या ठिकाणी तर बाहेर नुसतं वाळवंट दिसत होतं. मालकांनी त्याच्या कोटाची बाही जर्मनी येईपर्यंत सोडली नाही.

लाइपझिगला थंडी अशी की चादरी विकायला आणल्या होत्या त्या दोघांनी अंगावर घेतल्या. जत्रेत मात्र ईरप्पानं कमाल केली. झटका दिला की मोर बसायचा आणि लोक ओरडायचे. पहिल्याच दिवशी एवढी गर्दी झाली की शेजारच्या शिलाई यंत्रांच्या गाळेवाल्यांनी तक्रार केली. मदतीला हिंदी शिकलेली एक दुभाषी मुलगी दिली होती. ती लोकांना सांगायची, "हे गृहस्थ घराण्याच्या परंपरेनं चादर फेकतात." असं काही नव्हतं. ईरप्पाचे वडील चक्कीत दळण दळायचे.

अडचण होती ती ट्रामची. मुक्कामाच्या घरापासून जत्रा सात थांबे लांब होती. तिसऱ्या थांब्यावर ईरप्पाची छाती सुरू व्हायची. तो उतरायचा, बाकावर पाच मिनिटं बसायचा आणि उरलेले चार थांबे रुळाच्या कडेनं चालत जायचा. मालक ट्रामनं पुढं जायचे आणि गाळ्यावर वाट बघत बोटं मोडायचे.

त्या बाकावर रोज एक म्हातारी बसलेली असायची. डोक्याला रुमाल, हातात जाळीची पिशवी, पिशवीत चार सफरचंदं. ट्राम आली की ती उठायची, दारापर्यंत जायची, परत येऊन बसायची. दुसऱ्या दिवशी ईरप्पानं तिचा चेहरा नीट पाहिला आणि त्याला जगातली कुठलीही भाषा न येता सगळं कळलं. त्यानं आपल्या छातीवर हात ठेवून बोटांनी वाजवलं: धाड, धाड, धाड. म्हातारीचे डोळे मोठे झाले. तिनं आपल्या छातीवर वाजवलं. तिचा ठेका जरा जलद होता.

मग तिनं स्वतःकडं बोट करून नाव सांगितलं, "इर्मा."

"ईरम्मा?" ईरप्पा उडालाच. "आमी ईरप्पा!"

संध्याकाळी तो मालकांना म्हणाला, "मालक, हितं आपल्यातली एक बाई भेटली." सातलिंगप्पांनी त्याला ताप आहे का ते हात लावून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दुभाषी मुलीला आग्रहानं बाकावर नेलं, तेव्हा सगळं कळलं. ईरम्माची बहीण याच ट्रामच्या वाटेवर, दोन थांबे पुढं राहते. ईरम्मा नऊ वर्षं रोज सफरचंदं घेऊन निघते आणि या थांब्यावर उतरते. चालत निघाली तरी याच बाकापासून मागं फिरते. बहिणीचे पाय अधू, ती येऊ शकत नाही. सफरचंदं शेवटी म्हातारीच खाते.

"दोनच थांबे?" ईरप्पा म्हणाला.

"दोनच," दुभाषी मुलगी म्हणाली.

ईरप्पाला हसू आलं नाही. मुलीला वाटलं, हा माणूस मूर्ख आहे किंवा फार मोठा आहे. तिनं ठरवायचं सोडून दिलं.

जत्रेच्या शेवटच्या दिवशी कुणी बडा सरकारी अधिकारी गाळ्यावर येणार होता. ईरप्पा म्हातारीला द्यायला एक चादर काखेत मारून निघाला. बाकावर त्यानं ती तिच्या खांद्यावर घातली. तेवढ्यात ट्राम आली. म्हातारी सवयीनं उठली, दारापर्यंत गेली, थबकली. मागून ईरप्पाही सवयीनं उठला होता. चादरीचं एक टोक त्याच्या हातात राहिलेलं. मागच्या माणसांनी रेटा दिला आणि दोघंही आत गेले. दार लागलं.

म्हातारीचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. ईरप्पाला स्वतःची धाडधाड ऐकू येत होती, पण तिच्याकडं बघायचं की स्वतःकडं? त्यानं टोपीनं वारा घातला. तिच्या कपाळाला विभूती लावली. ती गुदमरायला लागली तसं त्याला काही सुचेना. त्यानं खिशातली पुडी काढली आणि बचकभर शेंगाची चटणी तिच्या तोंडात घातली.

सोलापूरची चटणी ती. म्हातारीला ठसका लागला. नाकातून, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ती खोकायची, ओरडायची, ईरप्पाच्या पाठीत बुक्क्या मारायची. ट्राममधली माणसं उभी राहिली. दोन थांबे होऊन गेले तेव्हा कुठं तिचा श्वास जाग्यावर आला. खिडकीबाहेर बहिणीचं घर होतं.

घरात जे झालं ते ईरप्पानं पुढं कधी नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणायचा, की बहिणीनं दार उघडलं तेव्हा नऊ वर्षांनी आलेली बहीण डोळे लाल करून, कपाळाला भस्म लावून, अंगावर मोराची चादर घेऊन उभी, आणि शेजारी टोपीवाला काळा माणूस. बहीण आधी किंचाळली. मग दोघी रडल्या. ईरप्पाला कुणीच काही विचारलं नाही, म्हणून तो जिन्यात बसून सफरचंद खात राहिला.

तिकडं गाळ्यावर अधिकारी येऊन उभा होता. ईरप्पाचा पत्ता नाही म्हणून सातलिंगप्पांनी स्वतः चादर झटकली. ती अधिकाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसली, सुरकुतीसकट. आतून तो काहीतरी बोलत होता. दुभाषी मुलगी म्हणाली, "साहेब म्हणतात, ऊब चांगली आहे." खरं तो काय म्हणाला ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण माल खपला.

येताना मालकांनी हैदराबादचा फेरा नाकारला. "आता बरा झालास," म्हणून मुंबईहून सरळ सोलापूरच्या गाडीत बसवलं. ईरप्पा केमच्या अलीकडं, जेऊरला उतरला. सोलापूर स्टेशनवर बँड लावलेला, हार आणलेले. डब्यातून एकटे मालक आणि दोन ट्रंका उतरल्या. ईरप्पा संध्याकाळच्या पॅसेंजरनं आला.

जगदेवीनं विचारलं, "कसं हाय जर्मनी?"

"सोलापुरागतच. माणसं तितंबी भितेत."

गल्लीत ही गोष्ट पसरली आणि मग एक विचित्रच झालं. माणसं ईरप्पाकडं यायला लागली. कुणाला विहिरीजवळून जाता येत नव्हतं, कुणाला कोर्टाचा जिना चढता येत नव्हता. एक पैलवान आला, त्याला न्हाव्याच्या खुर्चीत बसवत नव्हतं. आजवर यातलं कुणी कुणाला बोललं नव्हतं. ईरप्पाकडं औषध नव्हतं आणि उपदेशही नव्हता. तो एवढंच म्हणायचा, "चला, मी येतो सोबत." पैलवानाशेजारच्या खुर्चीत बसून त्यानं एकाच महिन्यात तीनदा केस कापून घेतले.

अठ्ठ्याहत्तर साली मागच्या आळीतली बसव्वा आली. तिला एसटीत जीव गुदमरल्यासारखं व्हायचं आणि अक्कलकोटला लेक बाळंत झालेली. "चला, मी येतो सोबत," ईरप्पा म्हणाला. दोघं शेजारी बसले. बसव्वा डोळे मिटून त्याचा दंड घट्ट धरून होती. वळसंगच्या अलीकडं तिनं डोळे उघडले तर ईरप्पाच घामानं निथळत होता.

"काय झालं, अण्णा?"

"काय न्हाय, बसव्वा. मला हितं उतरायला पायजे."

"दक्षिणेला तुमाला काय होत न्हाय म्हणत होता की!"

"आजपासनं व्हायला लागलं वाटतं."

बसव्वानंच कंडक्टरला ओरडून घंटी मारायला लावली, त्याला हाताला धरून खाली उतरवलं, झाडाखाली बसवलं, पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ ठेवला. "परतीच्या गाडीनं नीट घरला जावा," असं चारदा बजावलं, आणि लुगड्याचा काचा खोचून पुन्हा गाडीत चढली. गुदमरायचं विसरलेल्या बसव्वानं खिडकीतून हात हलवला. एसटी अक्कलकोटच्या बाजूला गेली.