कळस बसेपर्यंत

गिरगावातल्या शाळेतल्या आमच्या इंग्रजीच्या मास्तरांचा मला आजही राग येतो. ते वारले तेव्हा वर्गमैत्रिणी हळहळल्या. मी नाही.

एकदा ते 'द' कुठे लावायचा ते शिकवत होते. प्रार्थनेसाठी चर्चमध्ये जाणाऱ्याने चर्चच्या आधी 'द' लावायचा नाही. काही कामानिमित्त त्या इमारतीत जाणाऱ्याने मात्र लावायचा. देवळालाही त्यांनी तोच नियम लावला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्या बापाला 'द' लागणारच. तो देवळाच्या भिंतींना भेटायला जातो. देव त्याला कुठला भेटायला!" सगळा वर्ग खो खो हसला.

माझे वडील परांच्या बांधायचे, उंच इमारतींना बांबूच्या. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो. त्याआधी कायद्याने देवळं उघडली होती, पण शाळेजवळच्या ज्या देवळाला ते परांच्या बांधत, तिथे त्यांना 'आत या' असं कुणी म्हटलं नव्हतं. परळला चाळीत येऊन मी सगळं सांगितलं आणि ढसाढसा रडले. वडील खाली मान घालून जेवत राहिले.

मास्तर त्याच देवळाचे विश्वस्त. शिखराची डागडुजी होऊन नवा कळस चढवायचा होता. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे दिवस, कामाला माणसं मिळेनात. मास्तरांनी वडिलांना निरोप धाडला.

"बा, जाऊ नको," मी म्हणाले.

"परांची बांधणं माझं काम. त्यात देव कुठं आला?"

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

कळसाच्या दिवशी गेले मात्र. कळस पक्का बसेपर्यंत खालच्या माणसांनी जोडलेले हात सोडायचे नाहीत, असा तिथला रिवाज. मास्तर सर्वांत पुढे, भर उन्हात, अनवाणी, मान वर करून. मी मुद्दाम त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"सर, वर माझे वडील आहेत," मी म्हटलं. "नीट जोडा हात."

त्यांनी ऐकलं. पण हात सोडायची सोय नव्हती, सगळी वाडी बघत होती.

वडिलांनी कळस जागेवर ठेवला, ओळंबा धरून सरळ आहे ना ते पाहिलं. पाच मिनिटांचं काम राहिलं होतं. त्यांनी कळस उचलून पुन्हा फळीवर ठेवला, ऐसपैस मांडी घातली, कमरेची चंची सोडली आणि सावकाश तंबाखू मळायला घेतली. खाली मास्तरांचे हात जोडलेलेच. वडिलांनी एकदा खाली पाहिलं, आधी माझ्याकडे, मग मास्तरांकडे, आणि मळत राहिले.